नवऱ्याने माहेर व्हावे

आळंदीला ज्ञानोबारायांच्या समाधिमंदिराच्या आवारात एक पिंपळ आहे. त्याला सुवर्णपिंपळ म्हणतात. त्याच्याभोवती बायकांच्या प्रदक्षिणा बाराही महिने चालू असतात. गेल्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, पाऊस नुकताच उघडला होता आणि दर्शन आटोपून मी पारापाशी टेकलो होतो. एक पंचविशीतली मुलगी प्रदक्षिणा घालीत होती. सातवा महिना असावा. एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्याने पाराचा आधार घेत तिचे सावकाश चालले होते. तिचा नवरा माझ्या शेजारीच बसला होता. अंगात कारखान्याचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. दर फेरीला तो मान वर करून विचारी, "झालं का? बस चुकेल माझी." सहाव्या फेरीला ती थांबली. पार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला कसंतरीच होतंय." तो उठला, दोन पावले पुढे गेला आणि म्हणाला, "काही होत नाही गं. एवढी एक फेरी उरक, मग जाऊ."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याला खरोखरच तिला धीर द्यावयाचा होता. पण ते 'काही होत नाही' ऐकून माझ्या पोटात मात्र कालवले. नऊ वर्षांपूर्वी हेच तीन शब्द मी माझ्या घरी रोज म्हणत होतो.

त्या संध्याकाळचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी त्या पिंपळाविषयी.

परंपरा सांगते की, या पिंपळाला रुक्मिणीबाईने प्रदक्षिणा घातल्या. ही रुक्मिणी म्हणजे आळंदीच्या सिधोपंतांची लेक आणि विठ्ठलपंतांची पत्नी. विठ्ठलपंतांचे मन संसारात रमेना. बायकोची कशीबशी संमती मिळवून ते काशीला गेले आणि मागे कोणी नाही असे सांगून त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीस आले. रुक्मिणीने नमस्कार केला, त्यांनी 'पुत्रवती भव' असा आशीर्वाद दिला आणि ती हसली. स्वामींनी कारण विचारले तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला. गुरू काशीस परतले आणि त्यांनी शिष्याला आज्ञा केली, घरी जा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे त्यानंतरची.

या कथेचे आध्यात्मिक अर्थ पुष्कळांनी सांगितले आहेत. मी साधा संसारी माणूस. मला तिच्यात एक संसारी गोष्ट दिसते. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या पुरुषाला त्याच्या गुरूनेच परत फिरविले आणि तुझी जागा तिच्याजवळ आहे असे सांगितले. ती जागा सोपी नव्हती. संन्यासी पुन्हा संसारात आला म्हणून गावाने त्या जोडप्याला वाळीत टाकले. रुक्मिणीचे माहेर आळंदीच. पण माहेरच्या गावात राहूनही तिचे माहेर तुटले. सिद्धबेटावरच्या त्या झोपडीत तिला आता नवऱ्यावाचून दुसरे कोण होते?

वाचकहो, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीचा म्हणून सोडून देऊ नका. आजच्या आळंदीत, दिघी-भोसरीत, मोशीत, चाकणच्या वस्त्यांत तो घरोघरी आहे.

माहेर लांब राहिले

आळंदी हे देवाचे गाव आहे तसे लग्नांचेही गाव आहे. येथील मंगल कार्यालयांत आणि धर्मशाळांत घरच्यांच्या संमतीने लग्ने होतात, तशीच संमतीवाचूनही होतात. 'आळंदीला जाऊन लग्न केले' या वाक्याचा अर्थ आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अशी जोडपी पुष्कळदा इथेच जवळपास एका खोलीचे बिऱ्हाड करतात. घरच्यांनी दार लावून घेतलेले असते. दुसरीकडे, रीतसर लग्न करून आलेल्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, जळगाव येथून मुले चाकणच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला येतात. मुलीचे माहेर एका रात्रीच्या एस.टी.वर राहते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. तिच्यात शहाणपण मोठे होते. माहेरी तेल-पाणी, डिंकाचे लाडू आणि विश्रांती तर मिळेच. पण त्याहून मोठी एक गोष्ट मिळे. तिथे पोरीला 'मला भीती वाटते' असे म्हणता येई. सासरी जे बोलावयाचे नाही ते आईच्या कुशीत रात्री बोलता येई. या रीतीचा एक तोटाही झाला. नवऱ्याला त्या साऱ्यातून सुट्टी मिळाली. डोहाळजेवणाला फोटोपुरते उभे राहावयाचे आणि पुढे तारेची, मागाहून फोनची वाट पाहावयाची, एवढेच त्याचे काम उरले. पिढ्यान्पिढ्या पुरुष हे शिकलेच नाहीत.

आणि मग एक दिवस डॉक्टर सांगतात, "प्रवास करावयाचा नाही. गावी पाठवू नका." माहेर तिकडे राहते, सून इकडे आणि मध्ये हा न शिकलेला नवरा.

तांबडी खूण

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची मोफत तपासणी डॉक्टर करतात. जिच्या बाबतीत धोका दिसेल तिच्या कार्डावर तांबडी खूण चिकटवतात. सरकारी भाषेत ती 'अतिजोखमीची माता' होते.

जोखीम कशाकशाने येते? रक्त फार कमी असणे (हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय), रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा थायरॉइडचा विकार, जुळे, वार खाली असणे, आधीचे सिझेरियन, आधी गेलेले मूल, फार लहान वय किंवा पस्तिशीच्या पुढचे वय. ही यादी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. तांबडी खूण म्हणजे शिक्षा नव्हे. रस्त्यावर वळणाआधी पाटी असते तशी ती आहे. गाडी सावकाश हाका, एवढेच ती सांगते. पाटी वाचणारे पुष्कळ असले की अपघात कमी होतात. २०१८ ते २०२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. हे वाचविलेले जीव वेळेवर झालेल्या तपासणीचे, वेळेवर गाठलेल्या रुग्णालयाचे आहेत.

पण कार्डावरची खूण तिच्या एकटीच्या मनावर चिकटते, ही खरी गोष्ट आहे. शेजारीण म्हणते, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." सासूबाई म्हणतात, "जड उचललं असशील." आणि तिला वाटू लागते की, माझ्याच देहाने काही अपराध केला. बहुतेक जोखमींत बाईचा काडीचा दोष नसतो. ही गोष्ट तिला कोणी मोठ्याने आणि पुनःपुन्हा सांगावयास हवी. ते काम नवऱ्याचे आहे. सासूबाईंसमोर सांगण्याचे तर विशेष करून.

माझी नापास परीक्षा

आता स्वतःचे सांगतो. माझ्या पत्नीचे वय तेव्हा सदतीस होते. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सारे संपले होते. या खेपेला सातवा महिना लागला आणि रक्तदाब १५० वर ९६ निघाला. विसाव्या आठवड्यानंतर १४० वर ९० किंवा त्याहून अधिक दाब चढला की डॉक्टर सावध होतात. आम्हाला औषध मिळाले, दर आठवड्याची तपासणी ठरली, धोक्याची लक्षणे समजावून देण्यात आली.

मी प्राध्यापक. मी तत्काळ त्या प्रकरणाची वही केली. दाब मोजण्याचे यंत्र आणले. सकाळ-संध्याकाळ मी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा तिच्यापुढे उभा राहू लागलो. आकडा चढला की, "काय विचार करीत होतीस?" असा प्रश्न. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. गर्भसंस्कारांची पुस्तके आणि ध्वनिफिती आल्या. तिने काही म्हणावयास तोंड उघडले की माझे उत्तर तयार असे, "काही होत नाही. तू नुसती आनंदी राहा." आनंदी राहण्याचा हा हुकूम मी दिवसातून चार-पाच वेळा काढीत असे, आणि आपण आदर्श पती आहोत अशी माझी समजूत होती.

एका रात्री दोनच्या सुमारास जाग आली. अंथरुणात ती नव्हती. स्वयंपाकघरात दिवा न लावता ती भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर.

"काय करतेस इथे?"

"मोजतेय. बाळ हलतंय का ते."

"अगं, मला उठवायचंस. काही होत नाही—"

ती एकदम म्हणाली, "तुम्ही घाबरतच नाही ना, म्हणून मला एकटीला सगळं घाबरावं लागतं."

इतकी वर्षे मी मराठी शिकवतो. एवढे नेमके वाक्य माझ्या कानांवर क्वचितच आले आहे. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. पहिल्यांदाच खरे बोललो. म्हणालो, "मला फार भीती वाटते. तुझी पण आणि बाळाची पण. म्हणूनच वही करतो." ती रडली, मीही रडलो. मग आम्ही दोघांनी मिळून मोजले. बाळ हलले. पहाटे तिला चार महिन्यांत लागली नव्हती तशी गाढ झोप लागली. दाब त्या दिवसापासून उतरला असे म्हणणार नाही. तो औषधाने आणि डॉक्टरांनी सांभाळला. पण त्या रात्रीपासून ती मला काय होते ते सांगू लागली, आणि आजारात सांगणे हेच अर्धे औषध आहे. जिला 'काही होत नाही' असे उत्तर मिळते ती लक्षणेही सांगेनाशी होते.

तेलाचे भांडे कोणाच्या हाती?

मागाहून वर्गात शिकविताना मला जुने ग्रंथ निराळे दिसू लागले. आपला 'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दौहृद' या शब्दापर्यंत पोचतो. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले आहे. दोन हृदये असलेली ती. चरकसंहितेत उपमा आहे ती तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याची. असे भांडे न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीला जपावे. ही उपमा आपण बायकांना उपदेश करण्यासाठी वापरतो: जपून चाल, जपून बस. पण नीट पाहा. उपमेत बाई हे भांडे आहे. भांडे स्वतः चालत नाही. ते ज्याच्या हातात आहे त्याने जपून चालावयाचे आहे. हा उपदेश आपल्याला, म्हणजे भोवतालच्या माणसांना आहे.

कालिदासाने हे ओळखले होते. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेला दिवस गेले आहेत. ती संकोचाने काही मागत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांना घडोघडी विचारतो की, तिला काय हवेसे वाटते? राज्य सांभाळणाऱ्याला विचारावयास वेळ होता. 'आनंदी राहा' असे तो म्हणाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

मदत करणारे सारेच नवरे माहेर होत नाहीत, याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत ते मूल गेले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचते, हे शल्य त्यांना डॉक्टरकीकडे घेऊन गेले असे चरित्रकार सांगतात. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. गोपाळरावांनी त्या काळी बायकोला शिकविले, एकटीला सातासमुद्रापार धाडले. हे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या शिकविण्यात मारही होता, आणि त्याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पत्रात त्यांना करून दिली. हुकमाने केलेली मदत आणि सोबतीने केलेली मदत यांत अंतर आहे. माझी वही आणि माझे पर्यवेक्षण हा त्याच हुकमाचा लहानसा, सभ्य अवतार होता.

मग करावे काय?

तरुण वाचकांनी हा प्रश्न मला केला आहे, म्हणून जे शिकलो ते सांगतो.

पहिले म्हणजे, तपासणीला तिच्याबरोबर जावे आणि दाराबाहेर मोबाइल पाहात न बसता डॉक्टरांपुढे बसावे. जोखीम नेमकी कोणती, औषध कोणते, रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयात जावयाचे, हे स्वतःच्या कानांनी ऐकावे. भीती निम्मी अज्ञानाची असते आणि ती दोघांनी ऐकल्याने वाटली जाते.

दुसरे, धोक्याची लक्षणे तिच्याइतकीच आपल्याला पाठ हवीत. सहन होणार नाही असे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली पोटात कळ, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, झटका, बाळाची हालचाल कमी होणे. यांतले एकही दिसले की सकाळची वाट पाहावयाची नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट येते. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन यांचा पैसा पडत नाही. रक्तगट, कार्ड आणि दोन धुतलेली लुगडी किंवा गाऊन एका पिशवीत घालून ती पिशवी दाराशी टांगलेली असावी. पिशवी नवऱ्याने भरावी. ती भरताना पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात.

तिसरे, घरकाम. 'मदत' हा शब्द टाकून द्यावा. स्वतःच्या घरी जेवणाऱ्या माणसाने भात लावला तर ती मदत कशी? सकाळपाळीला जाण्यापूर्वी पाणी भरून ठेवणे, कुकर लावणे, तिच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवणे, ही वीस मिनिटांची कामे आहेत. इथे एक गैरसमजही सांगितला पाहिजे. जोखीम म्हटली की बाईला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवून ठेवणे हा उपाय असे आपल्याला वाटते. सरसकट तसे करण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली रक्तदाबाच्या विकारापासून बचाव म्हणून घरी सक्तीची विश्रांती सुचविलेली नाही. तुमच्या डॉक्टरांनी जेवढी सांगितली तेवढीच विश्रांती. बाकीच्या वेळी तिला माणसांत बसू द्यावे, हसू द्यावे, जमेल ते करू द्यावे. खाटेवर एकटी पडलेली बाई छताकडे पाहून भीतीच मोजते.

चौथे, आणि सर्वांत अवघड: ऐकावे. ती घाबरले म्हणाली तर 'काही होत नाही' याऐवजी 'कशाची भीती वाटते, सांग' असे म्हणून पाहावे. उत्तर देण्याची घाई करू नये. माहेरी आई काय करते? ती युक्तिवाद करीत नाही, डोक्यावरून हात फिरविते. नातेवाईकांचे सल्ले आणि दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या भयकथा दाराबाहेर ठेवणे हेही नवऱ्यालाच जमते. 'नंतर बोलू, आत्ता ती झोपली आहे' एवढे म्हणावयास धैर्य लागत नाही.

कधी कधी मात्र नुसत्या ऐकण्याने भागत नाही. दोन आठवडे सतत मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप उडणे, सारखा अपराध वाटणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणे ही हट्टाची किंवा नाजूकपणाची चिन्हे नव्हेत. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. गरोदरपणी तो होतो तसा बाळंतपणानंतरही होतो. डॉक्टरांना रक्तदाबाइतक्याच मोकळेपणाने हे सांगावे. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. आणि हा क्रमांक नवऱ्यांसाठीही आहे. रात्रपाळी करून, कर्जाचा हप्ता भरून, बायकोसाठी झुरणारा मुलगाही आतून खचतो. त्याने एखाद्या मित्राजवळ, भावाजवळ मन मोकळे करावे. माहेर होणाऱ्यालाही एक माहेर लागते.

प्रसूतीच्या खोलीत जवळचे माणूस असावे का, याचाही विचार झाला आहे. १७ देशांतल्या २६ प्रयोगांत १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव तपासून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या कळा कमी काळ टिकल्या, नैसर्गिक बाळंतपणे अधिक झाली असे दिसले. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी एका अनुभवी स्त्रीला सोबत राहू देण्याचे ठरविले. जेथे आडोशाची नीट सोय आहे तेथे नवऱ्यालाही राहता येते. आपल्या रुग्णालयात तशी सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

रजेचा प्रश्न

हे सारे वाचून चाकणचा एखादा कामगार म्हणेल, "सर, तुमची कॉलेजची नोकरी. आम्हाला रजा कोण देतो?" त्याचे म्हणणे रास्त आहे. बायको नोकरीत असेल तर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी तिला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. गरोदरपणामुळे आजार झाला तर आणखी एक महिना मिळू शकतो. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहिली. पण बापाचे काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी कारखान्यातल्या बापासाठी तसा कायदा नाही. जो कंत्राटावर आहे त्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार बुडाला.

तेव्हा मालकांना, व्यवस्थापकांना, सुपरवायझरांना एक विनंती. ज्याच्या घरी तांबड्या खुणेचे कार्ड आहे त्याला महिन्यातून तपासणीपुरती पाळी बदलून द्या. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचे मन घरी असेल तर ते यंत्रालाही धोक्याचे आहे. कामगार मित्रांनो, तुम्हीही एकमेकांच्या पाळ्या सांभाळा. गावाकडे पेरणीला सावड असते. इथे पाळीची सावड करता येईल.

माउली

आमची मुलगी पस्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. काही दिवस ती काचेच्या पेटीत होती. पत्नीला सिझेरियनमुळे उठता येत नव्हते. एक दिवस परिचारिकाबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, हात धुऊन या आणि शर्टाची बटणं सोडा." मी बावळटासारखा पाहात राहिलो. त्यांनी त्या मुठीएवढ्या पोरीला माझ्या उघड्या छातीवर ठेवले, वरून पांघरूण घातले. 'कांगारू मदर केअर' म्हणतात या पद्धतीला. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, ती सुरू झाली. आईच्या अंगाची ऊब लागते आणि आई नसेल तर बापाचीही चालते. नावात 'मदर' असले तरी बाळाला त्याचा विधिनिषेध नसतो. तासाभराने ती माझ्या छातीवर शांत झोपली, आणि आळंदीत इतकी वर्षे राहून न उमगलेली एक गोष्ट मला उमगली.

आमच्या गावात एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या एका पुरुषाला अवघा महाराष्ट्र 'माउली' म्हणतो. वारीत तर कोणीही कोणालाही माउली म्हणते. पोलीस गर्दीला म्हणतो, दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो. आई होणे हा देहाचाच धर्म नव्हे, तो मनाचाही आहे, हे या भाषेने केव्हाच मान्य केले आहे. मग नवऱ्याला तेवढा संकोच का वाटावा?

आता त्या श्रावणातल्या संध्याकाळचे. "एवढी एक फेरी उरक," असे तो म्हणाला, तेव्हा पारावर बसलेले एक माळकरी बाबा उठले. त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "माउली," ते म्हणाले, "देव कुठं जात नाही. आधी लेकीला बसवा. पाणी द्या. काय होतंय ते इचारा."

तो खाली बसला. तिलाही बसविले. बाटलीचे झाकण उघडून तिच्या हातात दिले आणि म्हणाला, "काय होतंय नेमकं?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डोकं सकाळपासून फुटतंय. डोळ्यांपुढं मधूनच चमकतंय. तुम्हाला ड्यूटी होती, म्हणून बोलले नाही."

मी पुढे होऊन सांगितले की, हे आत्ताच्या आत्ता दाखविले पाहिजे. त्याने एकदा मोबाइलमधले घड्याळ पाहिले, मग सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, आज येत नाही. बायकोला दवाखान्यात नेतोय." पलीकडून काही बोलणे झाले असावे. "भरा खाडा," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. महाद्वाराबाहेर रिक्षा उभीच होती. चढताना त्याने तिची चप्पल स्वतःच्या हातात घेतली होती.

सातवी प्रदक्षिणा राहिली. पण रुक्मिणीबाईने त्या पिंपळाशी जे मागितले होते, ते त्या मुलीला, मला वाटते, त्या रिक्षात मिळाले होते. तिचा नवरा तिच्याकडे परत आला होता.